रॉकेट नेमकं कशाला ढकलतं?

अवकाशविज्ञान शिकवणाऱ्या प्राथमिक शिक्षकांच्या कार्यशाळांमध्ये एक प्रयोग हमखास असतो. दोन खुर्च्यांमध्ये दोरा ताणायचा, त्यात स्ट्रॉ ओवायची, फुगवलेला फुगा चिकटपट्टीने स्ट्रॉला चिकटवायचा आणि त्याचं तोंड सोडून द्यायचं. फुगा सुसाट पळतो. कार्यशाळेचा खरा कस लागतो तो त्यानंतरच्या प्रश्नात: फुगा पुढे गेला कशामुळे?

‘बाहेर पडणारी हवा मागच्या हवेला ढकलते म्हणून’, हे उत्तर अगदी सहज सुचतं. मग अंतराळात, जिथे मागे हवाच नाही, तिथे रॉकेट चालतं कसं? इथे भलेभले अडखळले आहेत. १३ जानेवारी १९२० रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने रॉकेटतज्ज्ञ रॉबर्ट गोडार्ड यांच्यावर याच समजुतीतून टीका केली होती. दुरुस्ती छापून आली १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राकडे झेपावल्याच्या दुसऱ्या दिवशी! खरं तर फुगा आतली हवा मागे फेकतो आणि तीच हवा फुग्याला पुढे रेटते. बाहेर हवा असण्याची गरजच नाही. न्यूटनचा तिसरा नियम शिक्षकांना पाठ असतो. पण तो या फुग्यात दिसला, की मग वर्गात मुलांच्या उलटसुलट प्रश्नांची भीती वाटत नाही. प्राथमिकचे शिक्षक भाषेपासून गणितापर्यंत सगळंच शिकवतात. ज्या विषयाची खात्री नाही, तो धडा नुसता वाचून दाखवला जातो, यात नवल नाही.

अमेरिकेत ‘सिव्हिल एअर पेट्रोल’ ही हवाई दलाची स्वयंसेवी सहायक संघटना याच्याही पुढे जाते. १ डिसेंबर १९४१ रोजी स्थापन झालेली ही संघटना शिक्षकांना चक्क छोट्या विमानातून फिरवून आणते. विमानाचं नाक वर उचलायचं, तर शेपटीवरची झडप वर वळवावी लागते. त्यामुळे शेपूट खाली दाबली जाते आणि नाक वर येतं. हे आकाशात बसून अनुभवलेल्या बाई कागदी विमानाची मागची कड किंचित वर दुमडून तोच परिणाम वर्गात दाखवतात. एका वेळी एकच बदल करायचा, उडवून बघायचं, मग पुढचा बदल. माझ्या मते या कार्यशाळांची सगळ्यात मोलाची शिकवण हीच.

बार्बरा मॉर्गन या आयडाहो राज्यातल्या प्राथमिक शिक्षिका २००७ च्या ऑगस्टमध्ये ‘एंडेव्हर’ यानातून अंतराळात गेल्या. यानात तुळशीच्या कुळातल्या बेसिलचं बी होतं. रोपं वाढवण्याच्या पेट्यांचे आराखडे मात्र पृथ्वीवरच्या मुलांनी करायचे होते. आपल्याकडे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत अरविंद गुप्तांनी स्ट्रॉ आणि वर्तमानपत्रातून विज्ञान शिकवलं, तेही याच जातकुळीतलं. महागड्या संचावाचून काही अडत नाही.

एका दिवसाच्या कार्यशाळेने मात्र फारसं साधत नाही, असं मला ठामपणे वाटतं. शिक्षकांनी वर्गात प्रयोग करून पुन्हा एकत्र जमायला हवं. सुती दोऱ्यावर घर्षणामुळे फुगा अडतो, नायलॉनच्या दोऱ्यावर सरकतो, अशा गोष्टी तेव्हाच बोलल्या जातात. आणि एखादं मूल विचारतंच, दोरा उभा धरला तर? मग फुग्याला स्वतःचं वजनही उचलावं लागतं. मोठ्या रॉकेटचीही हीच अडचण: अपोलो यानांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या उड्डाणाच्या वेळच्या एकूण वजनात सुमारे नव्वद टक्के वाटा इंधन आणि ते जाळायला लागणाऱ्या ऑक्सिजनचाच होता.