इनामगाव : घोड नदीकाठच्या एका वस्तीची पार्श्वभूमी

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील इनामगाव हे घोड नदीच्या उजव्या तीरावरचे गाव. घोड नदी सह्याद्रीत भीमाशंकराच्या परिसरात उगम पावते आणि पूर्वेकडे वाहत जाऊन भीमेला मिळते. उगमाकडे पाऊस धो धो पडतो, पण शिरूरपर्यंत येईतो ढग रिकामे झालेले असतात. त्यामुळे काळी जमीन कसदार असूनही या पर्जन्यछायेच्या पट्ट्यात शेतीचे सारे गणित पाण्यावर येऊन ठेपते. हे गणित किती जुने आहे, ते नदीकाठच्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या, टेकाडांनी दाखवून दिले.

पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संशोधन संस्थेने 1968 ते 1983 या काळात ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि इ. स. पू. सुमारे 1600 ते 700 या काळातील ताम्रपाषाणयुगीन, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या, शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. माळवा, पूर्व (आधीचा) जोर्वे आणि उत्तर (नंतरचा) जोर्वे असे तिचे तीन टप्पे मानले जातात; माळवा आणि जोर्वे ही त्या काळच्या संस्कृतींची नावे. पूर्व जोर्वे काळात लोक कुडाच्या चौकोनी, ऐसपैस घरांत राहत, मुख्यतः सातू पिकवत आणि गुरे पाळत. नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी त्यांनी पाट खोदला होता आणि दगडमातीचा बांधही घातला होता. एका पाच खोल्यांच्या घराशेजारी धान्याचे कोठार सापडल्यामुळे ते गावप्रमुखाचे घर असावे, असा तर्क केला गेला, आणि तो सयुक्तिक वाटतो.

मेलेल्या मुलांना दोन रांजणांत, तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखालीच पुरत. प्रौढांना उताणे पुरताना त्यांची पावले घोट्यापासून तोडत. मृताने परत येऊ नये म्हणून तसे करत असावेत, असा अंदाज आहे. एक पुरुष मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसलेल्या स्थितीत, पावलांसह मिळाला, त्यावरून त्याचा मान वेगळा होता हे उघड आहे. एका घराच्या कोपऱ्यात पुरलेली कच्च्या मातीची, झाकण असलेली डबीही अशीच लक्षवेधी आहे. तिच्यात डोके नसलेली स्त्रीमूर्ती होती. मूर्तीच्या पोटाला आणि सोबतच्या बैलाच्या पाठीला छिद्रे आहेत. त्यांत काडी घातली की मूर्ती बैलावर स्वार होते.

इ. स. पू. 1000 नंतर, म्हणजे उत्तर जोर्वे काळात, चित्र पालटले. चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, गव्हाचे पीक घटले, शेळ्यामेंढ्या आणि शिकार यांवरची भिस्त वाढली आणि तीनएक शतकांत वस्ती उठली. ढवळीकरांच्या मते हवामान अधिक कोरडे होत गेल्याने हे घडले. केवळ अवर्षणाने एवढ्या मोठ्या बदलाचा उलगडा होतो, हे काही अभ्यासकांना पटत नाही. तरीही ज्या गावाला एवढ्या आधीपासून पाट खोदावा लागला, त्याच्या कहाणीत पावसाचा वाटा दुय्यम मानणे कठीण जाते.