अमेरिकेतली प्रायमरी: पक्षाचा रकाना कोरा सोडण्याआधी

मतदार नोंदणीच्या फॉर्मवर पक्ष विचारला, की तो रकाना कोरा सोडावासा वाटतो. न्यूयॉर्कमध्ये तसं केलंत, तर जूनच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मत देता येत नाही. तिथली प्रायमरी बंद असते: ज्या पक्षात नोंद, त्याच पक्षाचा उमेदवार निवडायचा. आधीच नोंदणी झाली असेल आणि पक्ष बदलायचा असेल, तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत पोचायला हवा. उशीर झाला तर बदल प्रायमरीनंतरच लागू होतो.

टेक्सासमध्ये फॉर्मवर पक्ष विचारतच नाहीत. मतदानाला गेल्यावर कोणाची मतपत्रिका हवी ते सांगायचं. मात्र एका पक्षाच्या प्रायमरीत मत दिलं, की त्या वर्षी दुसऱ्या पक्षाच्या रनऑफमध्ये, म्हणजे कोणालाच बहुमत न मिळाल्यास होणाऱ्या फेरमतदानात, मत देता येत नाही. कॅलिफोर्नियात २०१२ पासून काँग्रेस (अमेरिकेची संसद) आणि राज्यातल्या पदांसाठी सगळे उमेदवार एकाच यादीत असतात. पहिले दोघे नोव्हेंबरच्या मुख्य निवडणुकीत लढतात, मग ते एकाच पक्षाचे का असेनात.

पात्रता सोपी आहे: अमेरिकी नागरिकत्व, वय १८ आणि त्या राज्यात वास्तव्य. काही राज्यांत नोव्हेंबरपर्यंत १८ पूर्ण होणार असतील, तर १७व्या वर्षीही प्रायमरीत मत देता येतं. ग्रीन कार्डवाल्यांनी मात्र हा फॉर्म भरूच नये. पुढे नागरिकत्वाच्या अर्जात तो आडवा येतो.

फॉर्मवर ड्रायव्हिंग लायसन्सचा क्रमांक किंवा सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे शेवटचे ४ आकडे लागतात. टपालाने पहिल्यांदाच नोंदणी केली आणि ते आकडे जुळले नाहीत, तर पहिल्या मतदानाला ओळखपत्र किंवा नाव-पत्ता असलेलं वीजबिल, बँक स्टेटमेंट सोबत न्यावं. नॉर्थ डकोटात नोंदणीच नाही, थेट ओळखपत्र दाखवायचं.

काही ठिकाणी एकच नाव निवडण्याऐवजी उमेदवारांना पसंतीचे क्रमांक देता येतात. या पसंतीक्रमाची धास्ती उगाच घेतली जाते. न्यूयॉर्क शहराच्या प्रायमरीत महापौरासारख्या शहरी पदांसाठी ५ पसंती देता येतात. पहिल्या पसंतीत कोणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील, तर शेवटचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं प्रत्येक मतपत्रिकेवरच्या पुढच्या पसंतीकडे जातात. असं फेरीमागून फेरी. दुसरी पसंती दिल्याने पहिलीचं काही बिघडत नाही, कारण पहिला उमेदवार शर्यतीत असेपर्यंत दुसरी मोजलीच जात नाही. एकाच उमेदवाराला पाचही पसंती देण्यात अर्थ नाही, तो बाद झाला की तुमचं मतही थांबतं. एकाच क्रमांकावर दोन नावं मात्र कधीच खुणावू नका.

फेऱ्यांनी निकाल फिरतोही. पसंतीक्रम वापरणाऱ्या मेन राज्यात २०१८ साली दुसऱ्या काँग्रेस मतदारसंघात पहिल्या मोजणीत मागे असलेले जॅरेड गोल्डन शेवटी निवडून आले.