पिंग २५, आणि मग एकदम २१०

"मामा, लॅग!" म्हणत भाच्याने मोबाइल गादीवर आपटला. लॅग म्हणजे ऑनलाइन खेळ मध्येच अडखळणं. इंदूरला रामबागेतल्या आमच्या जुन्या घरात संध्याकाळी सातनंतर हे रोजचंच. ताईचा सवाल रास्त होता: १०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी हे रडगाणं का?

गंमत अशी, की खेळाला एवढा वेग लागतच नाही. चित्रं फोनच रंगवतो. तारेवरून जाते फक्त खबर: कोण कुठे उभा आहे, कुणी गोळी झाडली. सिनेमापुढे ही चिल्लर. पण सिनेमा पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवतो. खेळाला ती सोय नाही, कारण पुढच्या क्षणी भाचा काय करणार हे भाच्यालाही ठाऊक नसतं. खबर उशिरा आली की खेळ अंदाजाने शत्रूला चालवत राहतो, आणि खरी खबर पोचताच त्याला झटक्यात मागे ओढतो.

खबर जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबईतला सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारं मुख्य यंत्र, ६०० किलोमीटरवर धरला तरी जाण्यायेण्याला ६ मिलिसेकंद. बाकीचा वेळ वाटेतली यंत्रं खातात, तरी आकडा २५ च्या आसपास राहतो. मग मध्येच २१० कुठून येतो? बहुतेक वेळा राउटर ते गादी या शेवटच्या बारा पावलांतून.

वाय-फायच्या एका चॅनलवर, म्हणजे लहरींच्या एका वाटेवर, एका वेळी एकानेच बोलायचं, आणि त्यात शेजाऱ्यांचे राउटरही आले. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. म्हणून आधी कान द्यायचा. शांतता असेल तर प्रत्येक यंत्र मनाशी ० ते १५ मधला एक आकडा धरतं आणि उलटा मोजतं; एकेक अंक साधारण ९ मायक्रोसेकंदांचा. आधी शून्यावर येईल तो बोलेल. दोघांचा आकडा एकच निघाला तर टक्कर. स्वतः बोलताना रेडिओला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर कळते ती पोच न आल्यावरच. मग पुन्हा आकडा, आता ० ते ३१ मधून, नंतर ६३, असं वाढत १०२३ पर्यंत. त्यात मोजताना दुसरं कुणी बोलायला लागलं की मोजणी तिथेच थांबते. संध्याकाळी सगळी गल्ली घरी आली की ही थांबाथांब फार होते.

आमच्याकडे आणखी एक घोळ निघाला. राउटर खिडकीत, कूलरच्या मागे! पत्रा लहरी परतवतो, टाकीतलं पाणी त्या शोषतं. सिग्नल अशक्त झाला की यंत्रं सावकाश, ठासून बोलतात; तेवढीच खबर हवा जास्त वेळ अडवते आणि पोचही गळते.

राउटर हलवला, थोडा फरक पडला. ५ गिगाहर्ट्झच्या दुसऱ्या पट्ट्यावर चॅनल मोकळे मिळाले, पण आमच्या दीड हात जाडीच्या भिंतीपुढे त्या लहरी लवकर दमल्या. शेवटी जुना लॅपटॉप काढला आणि झरोक्यातून लॅन केबल ओढली. तारेत दुसरं कुणी बोलत नाही. पिंग २४, २५, २४. भाचा तरी हरलाच, आणि त्या केबलवर आईने आत्ताच पंचा वाळत घातलाय.