माळवद पाडायचं की सावरायचं?

लातूर-धाराशिवकडच्या औसा, निलंगा, उमरगा या पट्ट्यात जुनं माळवदाचं, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत असलेलं, घर वाटणीला आलं की विषय निघतो गळतीचा, आणि उत्तर तयारच असतं: पाडा, स्लॅब टाका. कधी तेच योग्य असतं. पण घर किती जुनं आहे किंवा किती गळतं, यावरून हा निकाल लावू नये. छताचं ओझं कोण पेलतंय, ते आधी बघावं.

काही घरांत लाकडी खांब आणि तुळयांचे खण असतात. छत त्यांच्यावर बसलेलं असतं, दगडी भिंत नुसती आडोशाला. काही घरांत खांबच नसतात, तुळयांची टोकं थेट भिंतीत घुसवलेली असतात. बाहेरून दोन्ही घरं सारखीच दिसतात. खांब कधी भिंतीत, गिलाव्याखाली दडलेले असतात, म्हणून ठोकून बघावं लागतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. त्यात अनेक ठिकाणी दगड ढासळले तरी आतले खण उभे राहिले. जिथे छत भिंतीच्याच भरवशावर होतं, तिथे भिंतीबरोबर तेही झोपलेल्या माणसांवर आलं.

त्या छताचं वजन किती? दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गळती थांबवायला वर पांढरी माती टाकायची, जुनी मात्र काढायची नाही, ही आपली रीत. त्यामुळे थर वाढत जातो. दीड फूट थर धरला, तर दहा बाय दहाच्या खोलीवर सहा-सात टन माती होते. जमीन हादरते तेव्हा बसणारा जोर वस्तुमानाच्या प्रमाणात असतो. जितकी माती जास्त, तितका भिंतींना धक्का मोठा. म्हणूनच दुरुस्तीचं पहिलं काम बहुतेकदा काही आणण्याचं नसून माती उतरवण्याचं असतं. सगळी मात्र काढू नये. दुपारचं ऊन खोलीत उतरायला या थरामुळे उशीर लागतो. मे महिन्यात स्लॅबखाली झोपणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

आता भिंत. ती दोन-तीन फूट जाड असते, म्हणून भक्कम वाटते. प्रत्यक्षात ती बहुधा दोन वेगळ्या पाकळ्यांची असते: आत एक, बाहेर एक, मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्हींना आरपार सांधणारा लांब दगड गवंड्याने घातलेलाच नसतो. ओल मुरते, मधला चिखल खचतो, आणि बाहेरची पाकळी फुगते. गावाकडे म्हणतात, भिंतीला पोट सुटलं. ओळंबा सोडला की पोट कळतं. हातोडीने ठोकलं की तिथला आवाज पोकळ येतो. पोट थोडक्या जागी असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचता येतो. उरलेल्या भिंतीत साधारण मीटर-मीटरवर एकेक दगड काढून आरपार भोक पाडायचं, वाकवलेली सळई घालायची आणि काँक्रीट भरायचं. खांब आणि तुळई यांच्या कोपऱ्यात तिरकस लाकूड ठोकलं की खण डोलत नाहीत. भूकंपानंतरच्या मजबुतीकरणात अशाच पद्धती सुचवल्या गेल्या होत्या.

भेगांना मात्र लगेच भिऊ नये. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, आणि वरचं घर तिच्याबरोबर हलतं. भेगेवर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहावी आणि वर्षभर नजर ठेवावी. भेग मे महिन्यात उघडून सप्टेंबरात मिटत असेल, तर ती जमिनीची चाल आहे. पाणी पायापासून लांब काढलं तर बराच आराम पडतो. वर्षभर एकाच दिशेने रुंदावत असेल, तर पाया खचतोय. खालून सुटलेल्या घरावर वरून पैसा घालण्यात अर्थ नाही, ते पाडलेलं बरं. बहुतेक भिंतींना पोट असेल, किंवा तुळयांची टोकं वाळवीने पोखरून दाभण सहज आत शिरत असेल, तरीही तेच.

सगळ्यात वाईट तोडगा मधला: माळवद काढायचं, भिंती तशाच ठेवायच्या आणि त्यांच्यावर स्लॅब ओतायचा. पाच इंची स्लॅब त्याच खोलीवर तीन टनांच्या आसपास भरतो, म्हणजे जुन्या मातीपेक्षा हलकाच. अडचण वजनाची नाही. चिखलात रचलेल्या दगडांना ताण सोसत नाही, आणि वरचा स्लॅब हादऱ्यात एकसंध ठोकळ्यासारखा सरकून त्यांना ढकलतो. स्लॅबच हवा असेल तर त्याला स्वतःचे कॉलम आणि स्वतःचा पाया द्यावा लागतो. मग ते नवं बांधकामच झालं. हिशेबही तसाच करावा.

वाटणी झालेल्या वाड्यात तर एका भावाचा निर्णय दुसऱ्याच्या घरात शिरतो. एकाने आपला अर्धा भाग पाडला की सामाईक भिंतीचा एका बाजूचा आधार जातो, आणि दोन्ही घरांतून गेलेली तुळई मध्येच कापली जाते. कापण्याआधी भावाच्या बाजूला, कापायच्या जागेलगत नवा खांब पक्क्या बैठकीवर उभा करावा, तुळई त्याच्यावर टेकवावी आणि मगच करवत लावावी.