चुना तिकडचा, हिराकस इकडची

एकादशीच्या खिचडीतला साबुदाणा बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमकडून येतो आणि तो एका कंदाच्या पिठाचा असतो, हे अमळनेरच्या आमच्या आबांना साठीत कळलं. लगेच कुणाकडून तरी साबूकंदाच्या दहा-बारा कांड्या मागवून त्यांनी विहिरीजवळ लावल्या. दोन महिन्यांनी मला हाक आली, "काय व्हयनं रे भाऊ हाई?"

पान हाताच्या पंजासारखं फाकलेलं होतं. खालची पानं हिरवीगार होती. शेंड्याची मात्र लिंबासारखी पिवळी पडलेली, आणि त्या पिवळ्यावर शिरांची हिरवी जाळी. आपल्याकडे उसावर दिसतो तोच केवडा, म्हणजे लोह कमी पडल्याने आलेला पिवळेपणा.

आबांनी मोबाइलवर वाचलं होतं की साबूकंदाला चुना टाकतात. वाचलेलं खोटं नव्हतं, फक्त ते केरळचं होतं. तिथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो कॅल्शियम, मॅग्नेशियम धुऊन नेतो आणि तांबडी जांभ्याची माती आम्ल होते. सामू (pH) ५.५ च्या खाली गेला की मातीतलं अॅल्युमिनियम विरघळतं आणि मुळांची टोकं जाळतं. मका तिथे हात टेकतो, साबूकंद मात्र बऱ्यापैकी तग धरतो. त्याची मुळं जाड आणि विरळ, तरी मुळांवर राहणारी बुरशी दूरवरचा स्फुरद (फॉस्फरस) त्याला आणून देते. म्हणूनच आम्लता मारणारा चुना तिथेही बेतानेच द्यायचा. जास्त झाला तर जस्त अडकून बसतं.

खान्देशात गणित उलटं. जळगाव-धुळ्याकडे पाऊस ७०० मिलिमीटरच्या आसपास, त्यात माती बेसाल्ट खडकाची, मुळातच कॅल्शियमने भरलेली. धुऊन जायला पाणीच नाही. सामू बऱ्याच शेतांत ८ च्या घरात. आबांच्या वाफ्यातलं ढेकूळ फोडलं तर आत चुनखडीचे पांढरे खडे दिसले. त्यावर लिंबू पिळलं आणि बारीक फेस आला. अशा मातीत चुना म्हणजे ताप आलेल्याला गोधडी पांघरणं.

मग लोह गेलं कुठे? मातीत ते मुबलक आहे, पण सामू एकाने वाढला की त्याची विद्राव्यता साधारण हजारपटीने घटते. सामूच्या मापात एका पायरीला आम्लता दहापट बदलते, म्हणून ७ आणि ८ हे आकडे दिसतात तितके जवळचे नाहीत. कोठी भरलेली आणि कुलूप लागलेलं, असा प्रकार. पिवळेपणा शेंड्यालाच का, याचं उत्तरही यातच आहे. झाड जुन्या पानातलं लोह काढून नव्याला देऊ शकत नाही. नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असतं तर आधी खालची पानं पिवळी पडली असती.

केरळात तिरुअनंतपुरमच्या कंदपीक संशोधन संस्थेची शिफारस सुधारित वाणांना हेक्टरी १०० किलो नत्र, ५० किलो स्फुरद, १०० किलो पालाश (पोटॅश) अशी आहे. पालाश नत्राइतका, कारण पानात तयार झालेली साखर कंदात नेऊन पिठूळ करायला तोच लागतो. आपल्या काळ्या मातीत पालाश एरवी बरा असतो, तेव्हा हे आकडे इथे जसेच्या तसे उचलू नयेत. आधी माती तपासावी. नमुना झाडाखालचा किंवा उकिरड्याजवळचा घेऊ नका. आबांनी नेमका गोठ्यामागचाच काढला होता! नत्राचा हात मात्र आवरता ठेवा, नाहीतर नुसता पाला माजतो.

हिराकस, म्हणजे लोहाचं सल्फेट, नुसती जमिनीत टाकली तर चुनखडी तिला लगेच निकामी करते. शेणखतात मुरवून दिली तर थोडी टिकते. आम्ही १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारली. आठ-दहा दिवसांत शेंडा हिरवा झाला. आबांनी शेजाऱ्यांना बोलावून दाखवला. पुढच्या आठवड्यात नवं पान फुटलं, ते पुन्हा पिवळंच.