एका मिनिटात किती शब्द?

पहिली-दुसरीतल्या मुलांची भाषा मोजायची म्हटलं की हल्ली आधी घड्याळ बाहेर येतं. मूल उतारा वाचतं, समोर बसलेली व्यक्ती चुकलेल्या शब्दांवर काट मारत जाते, साठ सेकंद झाले की थांबवते आणि एक आकडा लिहून टाकते. त्या आकड्यावरून वर्ग, शाळा, कधीकधी अख्खा देश पास-नापास ठरतो. मुलाची भाषा या एका आकड्यात कशी येऊन बसली, त्याची ही पार्श्वभूमी.

सुरुवातीला प्रश्न वेगळाच होता : वाचायला शिकवायचं कधी? १९३१ मध्ये शिकागोजवळच्या एका गावातल्या शाळांतून निष्कर्ष आला की मुलाचं मानसिक वय (बुद्धिचाचणीवरून ठरणारं वय) साडेसहा होईपर्यंत वाचन शिकवण्यात फारसा अर्थ नाही. हे वय शिकवण्याच्या पद्धतीवर आणि साहित्यावर अवलंबून असतं, चांगलं शिकवलं तर ते बरंच खाली येतं, असं १९३७ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासकाने दाखवलं. तरीही ‘मूल तयार होऊ दे’ हा सल्ला पुढे कित्येक वर्षं चालला. थांबायला पैसे पडत नाहीत, हेही त्यामागचं कारण असावं.

या सल्ल्यामागे एक गृहीतक होतं. शाळेत येईपर्यंत मुलाची बोली भाषा पुरी झालेली असते आणि शाळेने तिला फक्त लिपी जोडून द्यायची असते. या गृहीतकाचा पहिला अर्धा भाग खरा वाटावा असा पुरावा १९५८ मध्ये मिळाला. चार ते सात वर्षांच्या इंग्रजी बोलणाऱ्या मुलांना पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून त्याला ‘वग’ म्हणतात असं सांगितलं. मग असे दोन दाखवून वाक्य पुरं करायला लावलं. जो शब्द मुलांनी जन्मात ऐकलेला नव्हता, त्याचं अनेकवचन बहुतेकांनी नियमानुसार बरोबर केलं. म्हणजे मुलं शब्द पाठ करत नाहीत, नियम उचलतात. मराठीत ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणणारं मूलही हेच करत असतं. पण त्याच प्रयोगात एक बारकी गोष्ट होती, तिच्याकडे कमी लक्ष गेलं : जिथे अनेकवचनाचा प्रत्यय थोडा वेगळा लागतो, तिथे पहिलीतली मुलंसुद्धा अडखळली.

ही बारकी गोष्ट १९६९ च्या एका अभ्यासाने मध्यावर आणली. पाच ते दहा वर्षांची चाळीस मुलं होती. टेबलावर डोळ्यांना पट्टी बांधलेली बाहुली ठेवली आणि इंग्रजीत विचारलं, ही बाहुली दिसायला सोपी आहे की अवघड? लहान मुलं म्हणाली, अवघड. मग सोपी कर म्हटल्यावर त्यांनी बाहुलीच्या डोळ्यांवरची पट्टी काढली. बघणारे आपण आहोत, बाहुली नव्हे, हे त्या वाक्याच्या रचनेतून त्यांना उलगडलंच नव्हतं. काही रचना तर नऊ वर्षं उलटून गेलेल्या मुलांनाही पक्क्या जमत नव्हत्या. बोली भाषा पाचव्या वर्षी पुरी होते, हा समज इथेच मोडायला हवा होता. मुलाच्या भाषेचा टप्पा आणि त्याच्या कानावर, डोळ्यांखाली आलेली पुस्तकं यांचा संबंध आहे, हेही १९७२ पर्यंत मांडून झालं होतं.

तो समज मोडला मात्र नाही. त्या काळातलं सगळं बळ अक्षर आधी की अर्थ आधी, म्हणजे वाचन सुट्या अक्षर-ध्वनींपासून शिकवायचं की अर्थपूर्ण शब्द-वाक्यांपासून, या भांडणात खर्च होत होतं. त्याच्या तपशिलात इथे जात नाही. त्यातून बाहेर पडायची एक सरळ वाट १९८६ मध्ये दोन अभ्यासकांनी दाखवली : वाचनाचं आकलन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले ऐकून समजण्याची क्षमता. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हींपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्य. ‘पाऊस असूनही ते खेळायला गेले’ हे वाक्य मूल खणखणीत वाचतं आणि पाऊस पडत होता का विचारलं तर ‘नाही’ म्हणतं. कारण ‘असूनही’ त्याने वाचलंय, पण त्याच्या बोलण्यात तो शब्द अजून उतरलेलाच नाही.

आणि मग २००० साल. अमेरिकेत १९९७ मध्ये नेमलेल्या चौदा जणांच्या मंडळाने वाचन शिकवण्याबद्दलचा अहवाल दिला. वाचनाची पाच अंगं ठरली : ध्वनींची जाण, अक्षर आणि ध्वनीचं नातं, ओघ (न अडखळता भरभर वाचणं), शब्दसंपत्ती, आकलन. आज जगभरच्या अभ्यासक्रमांत ही पाच नावं दिसतात. पण हीच पाच का, हे बघण्यासारखं आहे. मंडळाने फक्त प्रयोग करून तपासलेली संशोधनं घ्यायचं ठरवलं. नियम स्वच्छ होता, पण ज्याचे प्रयोग सोपे, ते आत आलं. अक्षर-ध्वनी शिकवण्याचे ३८ अभ्यास निकषात बसले. गप्पा, गोष्ट सांगणं, लांब वाक्यं ऐकून समजणं, लिहिणं यांना स्वतंत्र अंग म्हणून जागा मिळाली नाही. मंडळातल्याच एका सदस्याने वेगळं मत नोंदवलं : वाचनाची एकच अरुंद कल्पना धरून काम झालं आणि महत्त्वाचे विषय तपासायचेच राहिले. ते मत अहवालाला जोडलं गेलं आणि तिथेच राहिलं. लोकांनी वाचली ती छोटी सारांश-पुस्तिका, आणि तिचा सूर मूळ अहवालापेक्षा बराच ठाम होता. अक्षर-ध्वनी शिकवण्याचा फायदा पहिलीपर्यंत स्पष्ट आणि पुढच्या इयत्तांत कमी, हा मूळ अहवालातला फरक त्यात पुसट झाला.

या पाच अंगांना २००२ पासून सरकारी पैसा बांधला गेला, वर्षाला सुमारे १ अब्ज डॉलर. २००८ च्या मूल्यमापनात पहिलीतली मुलं अक्षरं उलगडण्यात पुढे गेलेली दिसली. पहिली ते तिसरीतलं आकलन मात्र हललं नाही. १९८६ चा गुणाकार ज्यांनी मनावर घेतला होता, त्यांना यात नवल वाटायचं कारण नव्हतं.

तोवर पाचपैकी ‘ओघ’ पुढे निघून गेला होता, कारण तो मोजायला सगळ्यांत स्वस्त. २००६ मध्ये गरीब देशांसाठी तयार झालेल्या चाचणीत एकेका मुलाला पंधरा मिनिटं समोर बसवून तपासत. तिच्यात ऐकून समजण्याचे प्रश्नही होते, पण मथळ्यात गेला तो मिनिटाला किती शब्द हा आकडा. ४५ ते ६० शब्द हा पट्टा कुठलीही भाषा असो, लावला जाऊ लागला. आता ‘घरातल्यांनासुद्धा’ हा एक शब्द आहे. इंग्रजीत त्याला चार-पाच लागतात. शिवाय स्वरचिन्हं आणि जोडाक्षरं धरून शेकडो आकार शिकायचे असतील तर वेळ लागतोच. कन्नड मुलांच्या २००७ मधल्या अभ्यासात अक्षरांची ओळख चौथीपर्यंत पक्की होत जाताना दिसली. अशा मुलांना वर्णमालेतली सव्वीस अक्षरं शिकणाऱ्यांच्या घड्याळावर धावायला लावणं म्हणजे त्यांना उगाच मंद ठरवणं आहे. पुढे भाषेनुसार वेगळे निकष ठरवायची पद्धत आली, हे खरं, पण उशिरा.

हे घड्याळ आणखी एका गटाला चुकवतं. बोललेलं समजण्यात आणि सांगण्यात टिकून राहणारी अडचण सुमारे ७ टक्के मुलांना असते, तीसच्या वर्गात साधारण दोघांना. या अडचणीला वेगवेगळे लोक वेगवेगळी नावं देत. २०१७ मध्ये तज्ज्ञांनी ‘विकासात्मक भाषा विकार’ या नावावर एकमत केलं. यातली काही मुलं भरभर वाचतात, म्हणून ती कुणाच्या यादीत येत नाहीत.

इंग्लंडमध्ये अलीकडे पाचव्या वर्षाकडे लक्ष वळलंय. १९३ शाळांत वीस आठवडे लहान गटांत बोलणं, ऐकणं, शब्द आणि गोष्ट सांगणं यावर काम झालं. या मुलांची बोली भाषा इतरांपेक्षा तीन महिन्यांनी पुढे गेली आणि २०२० पासून सरकारने हा कार्यक्रम शाळांना देऊ केला. त्याच देशात २०१२ पासून सहाव्या वर्षी सगळ्या मुलांची चाळीस शब्द वाचून दाखवायची सक्तीची चाचणी होते. त्यातले वीस शब्द मुद्दाम निरर्थक ठेवलेले असतात. ती अजूनही सुरू आहे.