खेळण्यांचा कप्पा आणि टिपणांचे खोके

एका दहा वर्षांच्या मुलाने 1941 साली काढलेल्या चित्रात जहाज आहे, पाणबुडी आहे, मासे आणि तारामासे आहेत. ज्यांच्यासमोर बसून त्याने ते काढले त्या बालमनोविश्लेषक मेलानी क्लाइन यांची कागदपत्रे आज लंडनच्या वेलकम कलेक्शन या संग्रहालय-ग्रंथालयात आहेत. त्यांच्या नावाच्या विश्वस्त संस्थेने 1984 मध्ये ती तिथे सोपवली. उपचारांची टिपणे, व्याख्यानांचे मसुदे, घरगुती पत्रे, एक अपुरे आत्मचरित्र आणि मुलांची चित्रे असा हा ठेवा आहे.

क्लाइन यांचा जन्म 30 मार्च 1882 रोजी व्हिएन्नात झाला. वैद्यकशास्त्र शिकण्याची त्यांची इच्छा लवकर झालेल्या लग्नामुळे राहून गेली, आणि पुढे ज्यांनी मनोविश्लेषणाची दिशा बदलली त्या बाईंच्या हाती विद्यापीठाची पदवी कधीच आली नाही. तीन मुले झाल्यानंतर, स्वतःच्या खिन्नतेवर इलाज शोधत असताना, बुडापेस्टमध्ये त्या मनोविश्लेषक शांडोर फेरेन्त्सी यांच्याकडे गेल्या आणि मुलांच्या मनाकडे वळण्याचे उत्तेजन त्यांना तिथेच मिळाले. 1921 मध्ये त्या बर्लिनला गेल्या आणि 1926 पासून अखेरपर्यंत लंडनमध्ये राहिल्या.

त्या काळी मनोविश्लेषणाचा सारा व्यवहार बोलण्यावर चाले. रुग्णाने कोचावर पडून मनात येईल ते सांगायचे आणि विश्लेषकाने त्यातून अचेतन मनाचा माग काढायचा. तीन-चार वर्षांचे मूल असे बोलणार कसे? बर्लिनमध्ये त्यांच्याकडे येणारी सात वर्षांची एक मुलगी अशीच गप्प बसून राही. एके दिवशी क्लाइन उठल्या, स्वतःच्या मुलांच्या खोलीतून काही गाड्या, छोटी माणसे, ठोकळे आणि एक आगगाडी खोक्यात भरून घेऊन आल्या, आणि ती मुलगी लगेच खेळू लागली. भातुकलीत बाहुलीला दटावणारी मुलगी कोणाचा आवाज काढते आहे हे घरातल्या मोठ्यांना हसत हसत कळतेच; क्लाइन यांनी त्या खेळाला प्रौढांच्या बोलण्याइतकेच गंभीर मानले, आणि मला त्यांचे सर्वांत मोठे योगदान हेच वाटते.

त्यांची खेळणी मुद्दाम साधी असत. लाकडी माणसे लहान आणि साधारणतः दोन आकारांची असत. त्यांना विशिष्ट पोशाख किंवा व्यवसाय नसे, म्हणजे त्यांना आई करायचे की शिक्षक हे मुलानेच ठरवायचे. खोलीत नळाचे पाणी आणि धुता येईल अशी फरशी असे. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र, कुलूपबंद कप्पा असे. मुलाने रागाने एखादे खेळणे मोडले तर क्लाइन रागवत नसत. ते मोडके खेळणे कप्प्यात बाजूला पडून राही, मूल कित्येक दिवस त्याकडे पाहत नसे, आणि मग एखाद्या दिवशी ते स्वतःच ते शोधू लागे. ज्याच्यावर प्रेम आहे त्यालाच आपण दुखावले ही जाणीव आणि ते सावरण्याची धडपड यांवर पुढे त्यांनी जो सिद्धांत उभारला, त्याचे बीज मला या शोधण्यात दिसते.

1941 चा तो मुलगा त्यांच्या लिखाणात ‘रिचर्ड’ या बदललेल्या नावाने येतो. लंडनवर बाँब पडत असताना क्लाइन स्कॉटलंडमधील पिटलॉक्री या गावी राहत होत्या, आणि इतर मुलांच्या भीतीने शाळा सोडलेला, युद्धाच्या बातम्यांवर सारखे कान ठेवणारा रिचर्ड त्यांच्याकडे येऊ लागला. तारामाशासारख्या आकृतीचे तुकडे तो रंगवी आणि सांगे, की काळा म्हणजे बाबा, निळा म्हणजे आई, जांभळा भाऊ आणि तांबडा मी. क्लाइन काही दिवसांसाठी लंडनला जाणार म्हटल्यावर त्या तिथे बाँबने मरतील या धास्तीने तो कासावीस झाला. एकूण 93 बैठकी झाल्या. क्लाइन बैठकीत काही टिपत नसत, नंतर आठवून लिहीत; घटनांचा क्रम आणि नेमके शब्द यांची खात्री देता येत नाही, हेही त्यांनी स्वतःच नोंदवले आहे.

ही कबुली मला महत्त्वाची वाटते. त्यांच्यावरचा जुना आक्षेपच असा आहे, की मूल आगगाडी बोगद्यात घालते एवढेच दिसत असताना त्या फार मोठा अर्थ लावतात. मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉईड यांच्या कन्या आणि स्वतः मुलांच्या विश्लेषक असलेल्या ॲना फ्रॉईड यांचे मत होते, की लहान मुलाच्या खेळाला प्रौढाच्या मुक्त बोलण्याच्या जागी धरता येत नाही. 1941 ते 1945 या काळात ब्रिटिश मनोविश्लेषण संस्थेत यावर मोठा वाद झाला, आणि त्यात क्लाइन यांची मुलगी मेलिटा, जी स्वतः विश्लेषक होती, आईच्या विरोधात उभी राहिली. शिवाय क्लाइन यांच्या सुरुवातीच्या निबंधात ज्याच्या विश्लेषणाचे वर्णन आहे तो ‘फ्रित्झ’ हा त्यांचाच धाकटा मुलगा एरिक होता, ही गोष्ट आजच्या व्यावसायिक नीतीत बसणारी नाही. छापील पुस्तकात निरीक्षण आणि अर्थ एकजीव झालेले असतात. मूळ टिपणे हाती असली की मुलाने काय केले आणि बाईंनी त्यावरून काय मानले, हे वेगळे करून पाहता येते. बर्लिनच्या काळातील जर्मन टिपणे वाचून मनोविश्लेषक क्लाउडिया फ्रँक यांनी तेच केले आहे.

रिचर्डच्या सर्व बैठकींचा वृत्तांत पुस्तकरूपाने 1961 मध्ये आला, तेव्हा क्लाइन हयात नव्हत्या. 22 सप्टेंबर 1960 रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्याआधी थोडेच दिवस, रुग्णालयात पडल्या पडल्या, त्या त्याच पुस्तकाची मुद्रिते तपासत होत्या.